व्हॉइसमीटर बनाना: मीटिंगमध्ये कॉम्प्युटरचा आवाज पाठवायला बरेच महिने वापरल्यानंतर

ऑनलाइन ट्रेनिंग घेते मी, विंडोजवर, आणि त्यात ऑडिओ क्लिप सारख्या वाजवाव्या लागतात. म्हणजे माझं बोलणं आणि क्लिपचा आवाज दोन्ही एकदम समोरच्यांना गेलं पाहिजे, क्लिप चालू असताना मधेच मला बोलता आलं पाहिजे आणि स्क्रीन शेअर करायची सक्ती नको. यासाठी गेले बरेच महिने व्हॉइसमीटर बनाना नावाचं सॉफ्टवेअर वापरतेय.

आधीच सांगते, कधीतरी एखादा व्हिडिओ दाखवायचा असेल तर याच्या नादी लागू नका. झूममध्ये शेअर करताना शेअर साउंडचा पर्याय आहे, टीम्समध्ये इन्क्लूड साउंड, मीटमध्ये क्रोमचा टॅब शेअर केला की टॅबचा ऑडिओ सोबत जातो. तेवढ्यावर काम भागतं, उगाच ड्रायव्हर टाकून रिस्टार्ट मारत बसायची गरज नाही.

तर हे आहे काय, एक सॉफ्टवेअर मिक्सर, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र करून हवे तिकडे पाठवणारं. व्हीबी-ऑडिओवाल्यांचं आहे, डोनेशनवेअर, वापरून बघा आणि पटलं तर पैसे द्या. बनानामध्ये ३ खऱ्या डिव्हाइसचे इनपुट आणि २ व्हर्च्युअल इनपुट, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ॲपचा आवाज ज्यात सोडता येतो असे, मिळतात. प्रत्येक इनपुटच्या पट्टीवर ए१, ए२, ए३ आणि बी१, बी२ अशी बटणं. पहिल्यांदा बघून घाबरायला होतं, पण ए म्हणजे माझ्या कानाकडे आणि बी म्हणजे मीटिंगकडे एवढं डोक्यात बसलं की झालं.

माझं सेटिंग असं आहे: माईकच्या पट्टीवर फक्त बी१ चालू, ए१ बंद, नाहीतर स्वतःचाच आवाज कानात येत राहतो. क्लिप जिथे वाजते त्या प्लेअरचा आउटपुट पहिल्या व्हर्च्युअल इनपुटवर, तिथे ए१ आणि बी१ दोन्ही, कारण क्लिप मलाही ऐकायचीय. मीटिंग ॲपचा स्पीकर दुसऱ्या व्हर्च्युअल इनपुटवर, म्हणजे ऑक्सवर, आणि तिथे फक्त ए१. मग मीटिंग ॲपमध्ये माईक म्हणून बी१ निवडायचा. सगळ्यात महत्त्वाचं काय तर ऑक्सवरचा बी१ बंदच राहिला पाहिजे, तो चुकून लागला की लोकांचा आवाज फिरून त्यांनाच ऐकू जातो आणि मग सगळे तुमचा इको येतोय म्हणून ओरडतात. साउंडवाले याला मिक्स-मायनस म्हणतात, सगळ्यांचं मिक्स पाठवायचं पण ज्याला पाठवतोय त्याचा आवाज वजा करून. एवढं एक समजलं ना की मग व्हॉइसमीटर असो, नुसती व्हीबी-केबल (एका ॲपचा आवाज दुसऱ्या ॲपला माईकसारखा देणारं सॉफ्टवेअर) असो नाहीतर अजून काही, सगळीकडे तेच लागू होतं.

प्लेअर एकीकडे आणि बाकी कॉम्प्युटर दुसरीकडे असं वेगळं करायला विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या साउंडखाली व्हॉल्यूम मिक्सर आहे, प्रत्येक ॲपचा आउटपुट तिथून बदलता येतो. हे नक्की करा, सगळा कॉम्प्युटरच मिक्सरला जोडलात तर ईमेल आल्याची टिंगसुद्धा पूर्ण मीटिंगला ऐकू जाते.

आता खरी डोकेदुखी, आणि तिचा मिक्सरशी काही संबंध नाही. एवढं सगळं जोडूनही क्लिप सुरू झाली की एक-दोन सेकंद ऐकू येते आणि मग बुडाल्यासारखी गायब होते. कारण मीटिंग ॲपमधलं नॉइज सप्रेशन माणसाचा आवाज तेवढा ठेवतं, म्युझिक किंवा मागचा आवाज त्याच्या दृष्टीने कचरा. झूममध्ये ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स चालू करायचं, मीट आणि टीम्समध्ये नॉइज सप्रेशन बंद करायचं. फक्त मग हेडफोन लावलाच पाहिजे, कारण इको मारणारी यंत्रणा ढिली पडली की स्पीकरचा आवाज सरळ माईकमध्ये शिरतो.

हेडफोनवरून आठवलं, ब्लूटूथ हेडसेटचा माईक वापरू नका. तो माईक चालू झाला की साधारणपणे हेडसेट हँड्सफ्री मोडमध्ये जातो आणि तुम्हाला सगळं मोनो, फोनवर बोलल्यासारखं चपटं ऐकू येतं. क्लिप खराब आहे असं वाटतं, ती चांगली असते. वायरचा हेडफोन आणि वेगळा यूएसबी माईक, विषय संपला.

अजून एक लपलेली गोष्ट, जुन्या साउंड कंट्रोल पॅनलमध्ये कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे, तिथे कॉल चालू असताना बाकीचे आवाज ८० टक्के कमी करा हे आधीपासूनच निवडलेलं असतं. डू नथिंग करून टाका. आणि चरचर येत असेल तर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, बघा, एक डिव्हाइस ४४१०० वर आणि दुसरं ४८००० वर असेल तर कटकट होऊ शकते, मी सगळं ४८००० वर ठेवलंय. तरीही आवाज फाटला तर व्हॉइसमीटरच्या मेनूमध्ये रीस्टार्ट ऑडिओ इंजिन आहे, त्याने बहुतेकदा जागेवर येतं. पूर्ण सेटिंग फाइलमध्ये सेव्ह करता येतं ते आठवणीने करून ठेवा, कुठलंतरी बटण हलतंच कधीतरी.

मॅकवर व्हॉइसमीटर नाही, तिथे ब्लॅकहोल नावाचा व्हर्च्युअल ऑडिओ ड्रायव्हर घ्यायचा आणि मॅकच्याच ऑडिओ मिडी सेटअप ॲपमध्ये मल्टी-आउटपुट डिव्हाइस (एकच आवाज एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणारं) बनवायचं, फक्त तसं केलं की कीबोर्डवरची व्हॉल्यूमची बटणं चालत नाहीत. लिनक्सवाल्यांची मजा आहे, पाइपवायर या तिथल्या ऑडिओ व्यवस्थेवर क्यूपीडब्ल्यूग्राफ नावाचं ॲप उघडून माऊसने वायरी ओढायच्या, दिसतं तसं जोडलं जातं. हेवा वाटतो कधीकधी.

चाचणी घ्यायची तर फोनवरून त्याच मीटिंगमध्ये दुसऱ्या नावाने जॉईन व्हा, फोनचा माईक म्यूट, कानात इअरफोन. मीटिंग ॲपमधल्या टेस्ट माईकवर फार विसंबू नका, पलीकडे नक्की काय पोचतंय ते असंच कळतं.

स्टिरिओचं म्हणाल तर माईकच्या वाटेने गेलेला आवाज सहसा मोनो होतो, झूममध्ये ओरिजिनल साउंडसोबत स्टिरिओ वेगळं चालू करावं लागतं. माझ्या क्लिप बहुतेक बोलण्याच्याच असतात त्यामुळे मी त्या भानगडीत पडले नाही, पण कुणी गाणं-वाजवणं शिकवत असेल तर त्याने पहिल्यांदा तेच तपासावं.