साईट वर्ड्सची रंगवायची पानं: काही महिने वापरल्यानंतर

शब्द वाचून रंग भरायची पानं आमच्या घरात आता बरेच महिने चालू आहेत. मुलगी पाच वर्षांची आहे. सुरुवात केली तेव्हा तिला इंग्रजी अक्षरं आणि त्यांचे आवाज येत होते, 'कॅट', 'सन' असे शब्द ती जोडून वाचत होती. पण ओळीत 'द', 'सेड', 'वॉज' आले की तिचं वाचन अडायचं. इंग्रजीत सतत येणाऱ्या आणि पाहताक्षणी ओळखता यायला हव्यात अशा या शब्दांना साईट वर्ड्स म्हणतात. त्यासाठी एक छापील वही आणि काही सुटी प्रिंटआउट आणली. माझं मत आधीच सांगते: पानं उपयोगी आहेत, पण छापून येतात तशीच मुलांच्या हातात दिली तर रंगकाम भरपूर होतं आणि वाचन फारच थोडं.

बहुतेक वह्यांमधले शब्द दोन याद्यांमधून येतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी 1936 साली 220 शब्दांची यादी केली. तीत नामं मुद्दाम घेतलेली नाहीत. 95 नामांची यादी वेगळी आहे. दुसरे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड फ्राय यांची यादी 1957 ची, ती पुढे 1000 शब्दांपर्यंत वाढली. तिच्यातले पहिले 100 शब्द इंग्रजी मजकुराचा जवळपास निम्मा भाग व्यापतात, म्हणून हे शब्द न अडखळता वाचता आले की मुलांना पुस्तक एकदम सोपं वाटायला लागतं. सफरचंदाचं चित्र काढता येतं, 'ऑफ' किंवा 'द'चं काढता येत नाही. त्यामुळे चित्राचे कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्प्यात एक शब्द लिहायचा आणि वर यादी द्यायची की या शब्दाला हा रंग. कल्पना चांगलीच आहे, मुलं आपणहून बसतात आणि एकच शब्द एका पानावर सात-आठ वेळा डोळ्यांखालून जातो.

पण डोळ्यांखालून जाणं म्हणजे वाचणं नव्हे, हे पोपटाच्या पानावर दिसलं. लेकीने दोन-तीन कप्पे यादीशी ताडून रंगवले आणि चोच दिसताच तिला कळलं की हा पोपट आहे. मग तिने यादीकडे पाहिलंच नाही. सगळं अंग हिरवं, चोच लाल, आणि पान अगदी बिनचूक! यादीवर हात ठेवून मी एका कप्प्यातला शब्द विचारला, तर ती गप्प. चित्र ओळखून किंवा शब्दाचा आकार जुळवून पान पूर्ण होतं, त्यासाठी शब्द वाचावा लागत नाही. पानांमधला सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो, आणि वहीच्या मुखपृष्ठावर कितीही छान चित्र असलं तरी तो जात नाही.

यावर सर्वांत जास्त उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे यादी दाखवायचीच नाही, सांगायची. यादीचा भाग मागे दुमडून ठेवते आणि तोंडाने म्हणते, "'सेड'ला निळा." आता ऐकलेल्या आवाजावरून तिला तो शब्द शोधावा लागतो. शोधून बोट ठेवायचं, मोठ्याने म्हणायचं आणि मगच खडू उचलायचा. कामाचा वेग कमी होतो, पण शब्द पक्का होतो.

दुसरी गोष्ट रंगांची. काही संचांमध्ये एका शब्दाला प्रत्येक पानावर तोच रंग असतो. लेक म्हणाली, "आई, हा लालवाला 'वॉज'." पुस्तकात तर सगळंच काळ्या शाईत असतं, तिथे लालवाला सापडणार कुठून? तेव्हापासून दर पानाला रंग बदलते. तुमच्या वहीत रंग ठरलेले असतील तर सरळ खोडा आणि आपले लिहा.

शब्द कुठले एकत्र आलेत हेही बघायला हवं. एकाच पानावर 'लुक', 'अँड' आणि 'आय' असतील तर मूल पहिल्या अक्षरावरून किंवा लांबीवरून भागवून नेतं. खरी गफलत 'वॉज' आणि 'सॉ', 'ऑन' आणि 'नो', 'वेअर' आणि 'देअर' यांत होते, आणि अशा जोड्या छापील पानांवर क्वचितच सापडतात. मी कोऱ्या कागदावर झाडाची पानं काढून त्यांत 'वॉज' आणि 'सॉ' मिसळून लिहिते. अर्थात, दोन्ही शब्द आधी वेगवेगळे नीट आल्यावरच. पहिल्याच दिवशी जोडी दिली तर गोंधळ वाढतो.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. साईट वर्ड म्हणजे चित्रासारखा डोळ्यांनी पाठ करायचा शब्द, असा समज बराच पसरलेला आहे. लिनिया एरी यांनी वाचनावर अनेक वर्षं जे काम केलं आहे ते वेगळं सांगतं: अक्षरं आणि आवाज यांची सांगड बसली की शब्द लक्षात राहतो आणि मग पाहताक्षणी ओळखता येतो. 'सेड' घ्या. पहिलं अक्षर एस, शेवटचं डी, दोन्ही नेहमीचेच आवाज देतात. घोळ फक्त मधल्या ए-आय या दोन अक्षरांचा. म्हणून पोकळ, जाड अक्षरांतला शब्द काढून देते आणि तेवढी दोनच अक्षरं रंगवायला सांगते. रंगवता रंगवता लेक स्वतःशी म्हणते, "इथे ए असा आवाज येतो." एक अख्खं पान रंगवण्यापेक्षा अशी दोन अक्षरं जास्त कामाची ठरली. डॉल्च यादीतले 'इट', 'कॅन', 'बिग', 'रन' तर सरळ जोडून वाचता येतात. त्यांच्यासाठी पानं खर्च करू नका.

साहित्याबद्दल थोडं. मेणाच्या जाड खडूने किंवा तेलखडूने शब्दच झाकला जातो, स्केचपेन पातळ कागदाच्या पाठीमागे उमटतो. रंगीत पेन्सिली उत्तम, रंगाखालून शब्द दिसत राहतो आणि नंतर तेच पान वाचायला वापरता येतं.

पान झालं की तोच शब्द गोष्टीच्या पुस्तकात शोधतो, ही पायरी आम्ही गाळत नाही. इथे अनपेक्षित अडचण आली ती अक्षराच्या वळणाची. वहीत छोटं ए गोल, हाताने लिहितो तसं होतं. पुस्तकात त्याच्या डोक्यावर हुकासारखा बाक असतो. वाक्याच्या सुरुवातीला मोठ्या टी चा 'द' आला तोही तिला परका वाटला. दोन्ही वळणं एकाच पानावर लिहून दिली आणि अडचण संपली.

सगळ्या मुलांना रंगकाम आवडतंच असं नाही. माझ्या भाच्याला कडेपर्यंत रंग भरायचा कंटाळा. त्याला आम्ही शब्द म्हणून कप्प्यात फक्त ठिपका द्यायला सांगतो. शिकणं तेवढंच होतं आणि वेळ कितीतरी कमी लागतो. ज्यांना आवडतं त्यांनीही आधी शब्द म्हणून ठिपके द्यावेत आणि नंतर मनसोक्त रंगवत बसावं.

विकत घेणार असाल तर वही चाळून बघा: एका पानावर चार-पाचच शब्द आणि प्रत्येक शब्द निदान पाच-सहा वेळा, चित्र पटकन ओळखू न येणारं, छपाई एका बाजूला. मूल अजून अक्षरांचे आवाज शिकत असेल तर थांबा. डॉल्च यादी इयत्तांप्रमाणे टप्प्यांत विभागलेली आहे, आमच्याकडे तिच्या सुरुवातीच्या दोन टप्प्यांतले शब्द आता बसलेत. इयत्ता तिसरीच्या टप्प्यातल्या 'टुगेदर' आणि 'लाफ' अशा शब्दांसाठी मात्र कप्पे अपुरे पडतात आणि चित्राची गर्दी होते, त्यामुळे ते पोकळ अक्षरांतच करायचे असं ठरवलंय. उरलेली पानं पाठकोरी आहेत, त्यांवर लेक हल्ली हेच शब्द वापरून स्वतःची वाक्यं लिहिते.