संत्रा उत्पादकांचा एकच मोठा ग्रुप की गावोगावचे छोटे गट?

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या संत्रा उत्पादकांनी एकमेकांकडून शिकायचं ठरवलं, तर आधी ठरवावं लागतं की कोण कोणाशी जोडलेलं असावं. सगळ्यांचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप करावा, की गावागणिक दहा-बारा जणांचे गट करून त्यांच्यात मोजकेच दुवे ठेवावेत?

नागपूरच्या कळमना बाजाराचा भाव, गारपिटीचा इशारा यांसाठी मोठाच ग्रुप हवा. खरं-खोटं त्याच दिवशी कळतं.

पेच आहे तो कलमांचा. खुंट, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचं कलम बांधतात ते, जंभेरीचा घ्यावा की रंगपूर लाईमचा? आंबिया बहार धरण्यासाठी ताण किती द्यावा, म्हणजे झाडांचं पाणी किती दिवस तोडावं? कलम फळावर यायला ४-५ वर्षं जातात, आणि झाड डिंक्या रोगानं गेलं तर दोष खुंटाचा, जमिनीचा की पाण्याचा, हे एका बगिच्यावरून सांगता येत नाही. मोठ्या ग्रुपमध्ये दोघा-तिघांना योगायोगानं वाईट अनुभव आला की सगळेच तो खुंट सोडतात. मग त्याची नवी माहिती येणंच थांबतं आणि चूक दुरुस्त व्हायला वाव उरत नाही. तत्त्वज्ञ केव्हिन झोलमन यांनी २००७ मध्ये संगणकीय प्रारूपातून हेच दाखवलं: सगळे सगळ्यांशी जोडलेले असतील तर एकमत लवकर होतं, पण चुकीच्या पर्यायावर होण्याचा धोका वाढतो. विरळ जाळं हळू शिकतं, मात्र बरोबर उत्तराशी जास्त वेळा पोचतं.

याच्या उलटही पुरावा आहे. मेसन आणि वॉट्स या संशोधकांच्या २०१२ च्या प्रयोगात, खरी माणसं खेळत असताना, माहिती भराभर पोचवणारी जाळीच सरस ठरली. पण तिथे प्रत्येक डावाचे गुण लगेच कळत होते. बगिच्यात तसं होत नाही. म्हणून कलमांच्या प्रश्नात माझा कौल छोट्या गटांनाच.

एकाच जाणत्या बागायतदाराभोवती सगळे, ही रचना सोपी वाटते, तरी मला तीच सगळ्यात धोक्याची वाटते. गोलब आणि जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये गणितानं दाखवलं की लोक शेजाऱ्यांच्या मतांची सरासरी धरून शिकत असतील, तर समूह वाढला तरी एकाच्या शब्दाचं वजन टिकून राहिल्यास समूह सत्याशी पोचेलच असं नाही.

छोटे गट केलेत तर नोंदी मात्र सगळीकडे सारख्या ठेवा: खुंट, लागवडीचं वर्ष, जमीन, ताणाचे दिवस, मेलेली झाडं. आणि आंबियाची तोडणी झाली की प्रत्येक गटातल्या दोघांनी दुसऱ्या गावचे बगीचे प्रत्यक्ष पाहून यावं, फसलेलेसुद्धा.