आधी शटर की आधी कॅमेरा?

दुकानाच्या राखणीसाठी थोडे पैसे बाजूला काढलेत, पण कॅमेरे बसवावेत, राखणदार ठेवावा की विमा उतरवावा हे ठरत नाही, अशा दुकानदारासाठी हे लिहितोय. दुकान बेळगावच्या गणपत गल्लीत कापडाचं असो, निपाणीत हार्डवेअरचं असो की खानापुरात कौलारू किराण्याचं. माझं मत आधीच सांगतो: पहिला पैसा शटर आणि छपरावर, दुसरा विम्यावर, मग कॅमेरा. बहुतेक जण कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

तोंडाला रुमाल बांधून आलेल्या माणसाला कॅमेरा फक्त बघतो. शटर त्याला अडवतं, पण नीट असेल तरच. नुसती दोन बाजूंना कुलपं असली की मधोमध पहार किंवा जॅक लावून पत्रा वर वाकवतात आणि त्या फटीतून आत शिरतात. कुलपं जागच्या जागी! म्हणून मध्ये सेंट्रल लॉक हवंच, आणि कुलपाची कडी कटरला सापडणार नाही अशी झाकलेली हवी. कौलारू दुकानाचं शटर कितीही भक्कम केलं तरी कौलं काढून माणूस आत उतरतो. कौलांखाली लोखंडी जाळी ठोकून घ्या, आणि हे काम मिरगाच्या आधीच उरका. खानापूरकडच्या पावसात पत्रा उचकटल्याचा आवाज शेजारच्या घरातही पोचत नाही.

आता कॅमेरा. दिवसा त्याला तोड नाही. गल्ल्यावरचा वाद, माल पिशवीत सरकवणारं गिऱ्हाईक, सुट्ट्या पैशांची हातचलाखी, या सगळ्याला तो उपयोगी. घेताना कॅमेरे किती यापेक्षा रेकॉर्डिंग किती दिवस राहतं ते विचारा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट वेगाने, चोवीस तास रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१ जीबी जागा खातो. म्हणजे ४ कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क जेमतेम ११-१२ दिवस पुरते. चोरी महिन्याच्या हिशेबात लक्षात आली तर चित्रण पुसलेलं असतं. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, गल्ल्याखाली ठेवू नका, चोर तो उचलूनच नेतात. माळ्यावर कुलपात ठेवा आणि यूपीएसवर चालवा, नाहीतर वीज गेली की कॅमेराही आंधळा. एकाच वेळी १०० किंवा दिवसाला ५०० माणसांची ये-जा असलेल्या ठिकाणी कर्नाटकात २०१७ च्या कायद्याने कॅमेरे आणि ३० दिवसांचं चित्रण बंधनकारक आहे. छोटी दुकानं सहसा त्यात येत नाहीत.

राखणदार एकट्या छोट्या दुकानाला परवडत नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून ठेवला तर मात्र जरूर ठेवा.

विम्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. बँकेने कर्जाबरोबर उतरवलेला विमा बहुतेक वेळा आगीचा असतो. २०२१ पासूनच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या छोट्या धंद्यांच्या आगीच्या पॉलिसीत चोरी धरतात ती आग, पूर अशा घटनेमुळे आणि त्यानंतर ७ दिवसांच्या आत झाली तरच. एरवीच्या चोरीसाठी बर्गलरी, म्हणजे घरफोडीची, पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि तिथेही फोडून आत शिरल्याची खूण लागते. दिवसाढवळ्या गिऱ्हाइकाने किंवा कामगाराने नेलेला माल सहसा त्यात बसत नाही. शिवाय १० लाखांच्या मालाचा हप्ता वाचवायला ५ लाखांचाच विमा उतरवला असेल, तर भरपाईही त्याच प्रमाणात मिळते आणि २ लाखांच्या चोरीला साधारण १ लाखच हातात पडतो. रोख रकमेचं काय, ते एजंटकडून लेखी घ्या. आणि खरेदीची बिलं दुकानातच ठेवू नका. चोरी झाल्यावर माल किती होता हे दाखवायला तीच लागतात.

आतून होणाऱ्या गळतीला मात्र यातलं काहीच पुरेसं नाही. आठवड्याला महागड्या चार-पाच वस्तूंची मोजणी करा, स्वतः आणि कामगारासमोर. त्यात त्याचा अपमान नाही. उलट प्रामाणिक माणसावरचा संशय त्यानेच टळतो.

आणि चोरी झालीच तर कशालाही हात न लावता आधी ११२. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेमुळे हद्दीचा प्रश्न आता राहिलेला नाही. निपाणीतल्या दुकानाचा माल कागलच्या बाजूला गेला तरी कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, याला झिरो एफआयआर म्हणतात. इकडे जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. लिपी येत नसेल तर सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. गेलेल्या मालाची यादी आणि रक्कम बरोबर उतरली आहे ना ते बघा, कारण विमा कंपनी तोच कागद धरून बसते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेऊनच बाहेर पडा.