मधुमेहाच्या नोंदी: आयसीडी-१० की स्नोमेड सीटी?

क्लिनिकसाठी नवं सॉफ्टवेअर घेताना निदान कोणत्या कोडमध्ये नोंदवायचं, हे आधी ठरवावं लागतं. पर्याय दोन: आयसीडी-१०, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, आणि स्नोमेड सीटी, म्हणजे वैद्यकीय संज्ञांचा जास्त बारकाईचा कोडसंग्रह. मी नाशिकमध्ये मधुमेहाचे रुग्ण पाहतो. त्यातले बरेच जण निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून येतात आणि डोळे, किडनी, पाय यांसाठी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात. माझं मत या गरजेतून बनलं आहे. तुमची गरज वेगळी असू शकते.

आयसीडी-१० सोपी आहे, हे मान्यच करायला हवं. ई११ म्हणजे टाइप २, हे रिसेप्शनवरच्या मुलीलाही पाठ असतं. विम्याच्या क्लेमला हाच कोड लागतो. तुमचं काम क्लेम आणि आकडेवारीपुरतं असेल, तर पुढे जायची फारशी गरज नाही.

मला खटकलं ते ई११.३. मधुमेहामुळे झालेला मोतीबिंदू आणि मधुमेहामुळे खराब झालेला डोळ्याचा पडदा, दोन्ही याच एका कोडखाली येतात. फरक दाखवायला एच२८.० किंवा एच३६.० असा जोडकोड आहे, पण ओपीडीच्या गर्दीत तो कुणी भरताना मला दिसला नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नुसतं ई११.३ पोचतं आणि ते फोन करून विचारतात, ‘नेमकं काय आहे?’ मोतीबिंदूला थोडी सवड असते. पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटू लागल्या असतील, तर नसते. पायाचंही तेच. ई११.५ मध्ये जखम, गँगरीन आणि रक्तवाहिन्यांचा आजार एकत्र बसतात. ज्या माहितीसाठी नोंद पाठवायची, तीच वाटेत गळते. अमेरिकेतल्या सुधारित आवृत्तीत हे कोड बारकाईने फोडले आहेत, पण आपल्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये मला बहुधा मूळ आवृत्तीच भेटली.

स्नोमेडमध्ये पडद्याच्या आजाराचे सौम्य, मध्यम, तीव्र असे टप्पे स्वतंत्र कोडने नोंदवता येतात. त्रास आहे तो शोधण्याचा. साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना, त्यामुळे ‘डायबेटिक’ टाइप केलं की यादी संपतच नाही. नेहमी लागणाऱ्या निदानांची छोटी यादी आधीच करून घेतली, तर हा त्रास बराच कमी होतो, किमान माझा तरी झाला. परवान्याचा खर्चही आड येत नाही: भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य आहे आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्राकडे नोंदणी केली की तो मोफत वापरता येतो.

माझा कौल मुख्यतः एका गोष्टीमुळे झुकला. स्नोमेडवरून आयसीडी-१० काढता येतो, त्यासाठी एका कोडावरून दुसरा देणारा तयार नकाशा आहे. उलट दिशेने जाता येत नाही, ई११.३ वरून पडद्याचा टप्पा कुठून आणणार? त्यामुळे नोंद स्नोमेडमध्ये आणि क्लेमपुरता आयसीडी, असं मी ठेवलं. आपल्या २०१६ च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या) मानकांतही दोन्हींना जागा आहे.

लॅब रिपोर्टचा प्रश्न मात्र यातल्या कशानेच नीट सुटत नाही. तिथे लॉइंक, म्हणजे लॅब तपासण्यांची कोडपद्धती हवी. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) टक्क्यांत असेल तर कोड ४५४८-४, आणि मूल्यासोबत एकक गेलंच पाहिजे, कारण ७ टक्के आणि ५३ मिलिमोल प्रति मोल हे एकच आहे.

विक्रेत्याला पैसे देण्याआधी एक नोंद आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्यातून दुसऱ्या प्रणालीत उघडून दाखवायला सांगा. तिथे नुसता मजकूर दिसतो की कोडही पोचतो, ते पाहा.