अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरचा पगाराचा वाद: आर्बिट्रेशन की कोर्ट?
नोकरीला लागताना सहीसाठी जे कागद पुढे करतात त्यात आर्बिट्रेशनचं कलम बरेचदा असतंच, म्हणजे उद्या पगार बुडाला तरी कोर्टात नाही, खाजगी लवादासमोर जायचं आणि तेही एकेकट्याने, कारण सगळ्यांनी मिळून दावा करायला मनाई चालते असं सुप्रीम कोर्टानेच 2018 मध्ये सांगितलंय. निकाल लवकर लागू शकतो, पण अपीलाला वाव जवळजवळ नाहीच.

कोर्टात वेळ जातो खरा, पण सुनावणी उघड होते आणि शंभर जणांचे थोडेथोडे बुडालेले पैसे एकाच दाव्यात मागता येतात, मला तरी कामगारासाठी हेच बरं वाटतं. ट्रान्सपोर्टवाल्यांना ही वाट, आर्बिट्रेशनची कलमं बंधनकारक करणाऱ्या 1925 च्या फेडरल कायद्यातच आहे, खलाशी, रेल्वे कामगार आणि आंतरराज्य व्यापारातले तसेच कामगार त्यातून वगळलेत. 2019 मध्ये कंत्राटी ट्रक ड्रायव्हर या सुटीत आले, 2022 मध्ये विमानात सामान चढवणारे. उबरवाल्यांना मात्र अनेक अपील कोर्टांनी ही सूट नाकारली, फेऱ्या मुख्यतः लोकल म्हणून.

आणि हो, फेडरल सूट मिळाली तरी राज्याचा आर्बिट्रेशन कायदा लागू होऊ शकतो, तेव्हा कलमात कुठल्या राज्याचं नाव आहे ते सहीआधी बघाच.