पाबळचा आयबीटी अभ्यासक्रम: शाळेने घ्यावा का?

मूल्यशिक्षणाच्या तासाला प्रामाणिकपणावर दहा ओळी कुणीही लिहून देतो. त्या मुरल्या की नुसत्या पाठ झाल्या, हे तपासायची सोय मात्र नसते. पाबळच्या (ता. शिरूर, जि. पुणे) विज्ञान आश्रमाचा आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) अभ्यासक्रम इथे सरस ठरतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. शिकवायला निदेशक म्हणून गावातलेच कारागीर.

गाईच्या वजनाचं प्रात्यक्षिक घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजायचा, मग खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर × घेर × लांबी ÷ १०,८४० म्हणजे अंदाजे किलो. घेर १५०, लांबी १२० असेल तर २४९ किलो. टेप ५ सेंमी सैल धरली की तीच गाय २६६ किलोची होते! जंताच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे 'चालतंय की' म्हणून भागत नाही.

वेल्डिंगचंही तसंच. पातळ पाइपला २.५ मिमीचा रॉड आणि ६० ते ९० अँपिअर पुरतात. करंट वाढवला की भोक पडतं. वेल्डिंगच्या सांध्यावर जमलेली खपली न काढता रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) फासलं तर त्या दिवशी बाक छान दिसतो, पुढे खपलीसकट रंग सुटतो आणि आतला कच्चा सांधा उघडा पडतो. मास्तरांनी ओरडायची गरजच उरत नाही.

आमच्या मते खरा कस लोकोपयोगी सेवेत लागतो. गावातल्या कुणाचं तरी काम घ्यायचं, माल, वीज, मजुरी, घसारा धरून खर्च काढायचा आणि बिल द्यायचं. वाया गेलेली पट्टी बिलात घालायची की नाही, यावर मुलं तावातावाने भांडतात. भांडू द्यावीत.

घसरतं कुठे, तर अंमलबजावणीत. एका निदेशकामागे तीस-चाळीस मुलं दिली की दोघं काम करतात, बाकीचे बघे. कच्च्या मालाला पैसे नसले की प्रात्यक्षिक वह्या एकमेकांच्या बघून भरल्या जातात. म्हणजे प्रामाणिकपणाच्या विषयातच कॉपी. काही ठिकाणी मुलींना स्वयंपाक आणि मुलांना वर्कशॉप अशी गुपचूप वाटणी होते. चारही विभाग सगळ्यांना फिरून मिळाले पाहिजेत, पालकांनी एवढं तरी विचारावं.

दहावीच्या वर्गाचा आयबीटीचा दिवस दिवाळीनंतर गणिताच्या जादा तासांना जाणार असेल, तर विषय घेऊच नये. अख्ख्या दिवसाऐवजी दोनच तास देऊनही उपयोग नाही: तेवढ्यात पाइप मापून कापून होतो, जोडायचा राहतो.