काटा ‘एच’वर: सेंडर घ्यावा, स्टॅबिलायझर की अख्खं मीटरच?

ट्रायम्फ स्पिटफायर ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार पाळणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. सिग्नलला गाडी उभी असते, टेंपरेचरचा काटा ‘एन’ (नॉर्मल) ओलांडून ‘एच’कडे (हॉट) सरकत असतो, आणि बॉनेटखाली ना वाफ ना वास. घरी येऊन माणूस लॅपटॉप उघडतो आणि सगळ्यात स्वस्त भाग मागवतो, म्हणजे पाण्याचं तापमान मीटरला कळवणारा सेंडर. मीही तेच केलं. माझी गाडी १९७६ची, १४९३ सीसीची. मी इंग्लंडात राहतो, त्यामुळे भाग दोन दिवसांत दारात येतो, आणि त्या सोयीपायीच मी आधी नको तो भाग घेतला.

काही घेण्याआधी इंजिन खरंच तापतंय का ते बघा. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, साधारण ८२ अंशांना उघडतो. त्याच्या हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून आधी तिथे काळी टेप चिकटवा. उलटा धोकाही लक्षात ठेवा. पाणी इतकं कमी झालं असेल की सेंडर उघडा पडलाय, तर काटा निवांत खाली बसतो आणि इंजिन मात्र आत शिजत असतं. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघण्याला पर्याय नाही.

आता भागांकडे. सेंडर म्हणजे पाण्यात बुडलेला थर्मिस्टर. तापेल तसा त्याचा रोध कमी होतो. डॅशबोर्डमागचा स्टॅबिलायझर बॅटरीचा चढउतार काढून मीटरला सरासरी १० व्होल्ट पुरवतो. आणि मीटरमध्ये तार गुंडाळलेली द्विधातूची (दोन धातू जोडलेली) पट्टी तापून वाकते, म्हणून काटा आरामात चढतो.

निवड करायला एक गोष्ट पुरते: पेट्रोलचा काटा. दोन्ही मीटर एकाच स्टॅबिलायझरवर चालतात. दोन्ही काटे जास्त दाखवत असतील तर दोष स्टॅबिलायझरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. दोन्ही मेलेले असतील तरी आधी तिकडे, त्याच्या हिरव्या वायरला करंट येतोय का ते बघा. पेट्रोलचा काटा खरं बोलतोय आणि टेंपरेचरचाच खोटं, तर मग सेंडर, त्याची वायर किंवा मीटर.

माझ्या बाबतीत हे कळलं ते भर रस्त्यात. काटा टाकीत अजून थोडं पेट्रोल दाखवत असताना गाडी पेट्रोलअभावी बंद पडली. नवा सेंडर बसवून आठवडा झाला होता.

सेंडर की मीटर, हे ठरवायला स्पिटफायरइतकी सोयीची गाडी नाही. अख्खं बॉनेट पुढे कलतं, टायरवर बसून काम करता येतं. सेंडरवरची हिरवी-निळी वायर काढा आणि इग्निशन चालू करा: काटा ‘सी’वर (कोल्ड) पडला पाहिजे. वायरचं टोक इंजिनच्या धातूला टेकवा: काटा चढू लागेल. मध्य ओलांडला की लगेच काढा, जास्त वेळ टेकवलं तर मीटर जळतं. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक, सेंडर घ्या. वायर काढूनही काटा वरच, तर ती कुठेतरी सोलवटून बॉडीला लागतेय.

सेंडर स्वस्त आणि पान्याने दहा मिनिटांत बदलता येतो. पण बाजारात मिळणाऱ्या नव्या सेंडरांचा रोध जुन्या मीटरशी जुळत नाही, ही तक्रार सर्रास ऐकू येते. आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळू नका, सेंडरची अर्थिंग तिथूनच होते.

स्टॅबिलायझरमध्ये खरी निवड आहे: मूळच्यासारखा द्विधातूचा की इलेक्ट्रॉनिक? मी इलेक्ट्रॉनिक म्हणेन. आत ७८१०सारखी साधी रेग्युलेटर चिप असते, ती, सलग १० व्होल्ट देतो. मात्र गाडी जुनी, पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली) असेल तर तसाच मागा. मूळच्याला ध्रुव उलटे असले तरी चालतात, याला नाही. मूळचा तपासताना डिजिटल मल्टिमीटर वापरू नका, आकडे माकडासारखे उड्या मारतात, कारण तो करंट तोडत-जोडतच चालतो. छोटा बल्ब जोडा. लुकलुकला तर जिवंत. न लुकलुकता जळत राहिला तर आधी त्याची अर्थिंग बघा. ती तुटली की आतलं तोडणं थांबतं आणि पूर्ण बॅटरी व्होल्टेज मीटरवर येतं. माझ्याकडे हेच होतं. पॉलिश पेपरने स्क्रू आणि पत्रा घासला, सुंठीवाचून खोकला गेला.

मीटर बदलणं सर्वांत शेवटी. ते महाग, आणि जुन्याच्या जागी आणलेलंही जुनंच असतं.

काही जण वेगळं केशनळीचं मीटर लावतात, जसं एमजी मिजेट या दुसऱ्या ब्रिटिश गाडीत बऱ्याचदा मूळचंच असतं. त्यात वीज नाही, ईथर भरलेला बल्ब (दिवा नव्हे, धातूची छोटी कुपी) आणि बारीक नळी. अंशांत आकडा दाखवतं, व्होल्टेजशी देणंघेणं नाही. भरवशाला हेच वरचढ, पण नळी एकदा पिळली किंवा तुटली की काटा कायमचा खाली आणि दुरुस्ती फक्त जाणकाराकडे. इंजिनच्या सिलिंडर हेडमध्ये गंजून बसलेला बल्ब काढताना नट फिरतो, त्याच्याबरोबर नळीही फिरते, आणि खेळ तिथेच संपतो. डोंगराळ रस्त्यांवर किंवा ट्रॅकवर गाडी पळवणार असाल तर लावा. रविवारच्या फेरफटक्यासाठी मला डॅशबोर्डला नवं भोक पाडवत नाही.

अर्थिंग नीट झाल्यावरही माझा काटा ‘एन’च्या जरा पुढेच थांबायचा. जुना सेंडर परत बसवला, तर बरोबर ‘एन’वर आला. नवा आता ड्रॉवरमध्ये पडून आहे.